खाडीचा नेम

कासारणीनं दोन-चारची हिरवी बांगडी सुरुचीच्या हातावर तीनदा चढवून पाहिली. तिन्ही वेळा ती अंगठ्याच्या बुंध्याशी अडली, आणि चौथ्यांदा पिचली. काच सतरंजीवर पडली तशा ओटीला जमलेल्या बायका दुप्पट जोरानं बोलू लागल्या.

"गेल्या ऐतवारी मीच माप नेलं," कासारीण हात चोळत म्हणाली. "दोन-चारच होतं. आठ दिवसांत हात बदलतो व्हय?"

"रूप चढलंय सुनेला! चेहरा बघ कसा भरलाय."

"शकूबायनं खाऊ घातलं असंल. कोलंबीचे दोन हंडे तर मीच पाह्यले."

हसण्याची एक लाट गेली. कासारणीनं पेटीतून दोन-आठचा डझन काढला आणि तो सरकन बसला. सुरुचीची सासू शकू सूपभर नारळ घेऊन दारात उभी होती, ती तिथंच उभी राहिली. दोन-चार, मग दोन-सहा, मग दोन-आठ. आठ दिवसांत दोन मापं. सुरुचीची बोटं भुईमुगाच्या ओल्या शेंगांसारखी तटतटली होती, आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

"सुरुची, अंगठी काढ बरं," ती म्हणाली.

"निघत नाही आई. साबण लावून पाहिला सकाळी." सुरुची हसली, पण तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. "कालपासून डोकं जरा धरलंय. मम्मीनं बाम लावलाय."

तिची मम्मी, लतिकाबाई, शेजारीच फुलांचे दागिने उलगडत बसली होती. वसईला स्टेशनजवळच्या फ्लॅटमधून ती सकाळीच आली होती. जरीकाठी साडी, पाच फळं, आणि आपल्या मुलीची ओटी या खाडीकाठच्या घरात कशी भरतात ते तपासायची बारीक नजर, असं सगळं बरोबर घेऊन. "पित्त आहे हो विहीणबाई," ती म्हणाली. "इकडचं तिखट तिला लहानपणापासून सोसत नाही."

एरवी शकूनं याला उत्तर दिलं असतं. तिखटावरून या दोघींची चकमक लग्नाच्या याद्यांपासून चालू होती. आज तिची नजर सुनेच्या बोटांवरून हलली नाही, तेव्हा लतिकाबाईलाच चुकल्यासारखं झालं.

खरं तर ही ओटी दोन महिन्यांपूर्वीच भरून व्हायची होती. सातव्यात ठरली, तर मार्गशीर्षात चुलतसासरे गेले नि सुतक पडलं. सुतक फिटेपर्यंत पौष लागला. पौष सरेपर्यंत आठवा, आणि आठव्यात या घरात ओटी भरत नाहीत. म्हणून आज माघातल्या रविवारी, नववा लागल्यावर, अंगणात थर्माकोलचा चंद्र उभा राहिला होता. सांडोर गावच्या सॅन्टनच्या टेम्पोतून तो आला होता, भाड्याचा, चांदण्यांची दोरी सोडलेला. मध्ये बसायला पाट. सॅन्टन टेम्पोतच बसून होता, कारण चंद्र संध्याकाळी परत न्यायचा होता.

या सगळ्या लांबणीत एक गोष्ट मात्र कुणी लांबवली नव्हती, ती म्हणजे शकूच्या थोरल्या नणंदेचा, भागूबाईचा नेम. सातवा लागला की ओटी भरेपर्यंत घरच्या पोटुशीनं खाडी ओलांडायची नाही. सुरुचीची डॉक्टरीण खाडीपलीकडं. पूल होऊन वीस वर्षं झाली, दहा मिनिटांत माणूस पलीकडं जातो, पण नेम होडीच्या काळातला होता आणि नेमाला पूल माहीत नव्हता. शेवटचा कागद नोव्हेंबरचा. त्यावर रक्तदाब एकशेवीस-ऐंशी लिहिला होता, आणि तो कागद लतिकाबाईच्या फ्लॅटमधल्या कपाटात होता. लतिकाबाईला वाटत होतं, सासरच्यांनी गावातला डॉक्टर बघितला असेल. शकूला वाटत होतं, शिकलेल्या विहीणबाईचा डॉक्टरांना फोन होत असेल. आणि सुरुचीला दोन्ही घरांत भांडण नको होतं, म्हणून ती विचारेल त्याला "मस्त आहे" म्हणून सांगत होती.

तिला चंद्रावर बसवलं. गळ्यात शेवंतीचा हार, दंडाला वाक्या, कमरेला फुलांचा पट्टा. तिचे वडील शांतारामपंत मंत्रालयातून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि निवृत्तीचा सगळा उत्साह त्यांनी कॅमेऱ्यात ओतला होता. ते गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याशी झटापट करत होते.

"बाबा, फ्लॅश नका ना मारू," सुरुची म्हणाली. तिनं हात डोळ्यांवर धरला. "सारखा सारखा. डोळे दिपतात."

"अगं, मी अजून रोलच भरतोय," शांतारामपंत म्हणाले. "एकही फोटो काढला नाही."

बायका हसल्या. सुरुची हसली नाही. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि कुणी तोंडावर दिवा धरावा तशी मान मागं घेतली. दुपारचं ऊन तिच्या पाठीमागं होतं.

शकूनं नारळांचं सूप खाली ठेवलं.

*मामी, काजवे चमकतात गो डोळ्यापुढं. दिवसाढवल्या.*

सत्तावीस वर्षं झाली होती. चांगू, भागूबाईची एकुलती एक लेक, पोटुशी, याच ओट्यावर पाय सोडून बसली होती. पाय खांबासारखे सुजलेले, चेहरा भरलेला, आणि सगळ्या म्हणत होत्या की रूप आलंय. शकू तेव्हा या घरात येऊन दोन महिने झालेली, सतरा वर्षांची.

शकू चंद्राजवळ गेली, खाली बसली. "पोटात दुखतं का गो?"

"इथं." सुरुचीनं बरगडीखाली, उजव्या अंगाला हात ठेवला. "पित्तच असेल. सकाळी उलटी झाली. मम्मीला सांगू नका, तिखटावर जाईल ती."

"लघवी?"

"आई, इथं सगळ्यांसमोर काय..."

"सांग."

"सकाळपासून एकदाच. थोडीशी. लालसर."

शकू उठली. जितेंद्र, तिचा मुलगा, मांडवाच्या खांबाशी वालीवच्या कारखान्यातल्या दोन दोस्तांबरोबर उभा होता. "जितू, सॅन्टनला टेम्पो चालू करायला सांग. आत गादी टाक. सुरुचीला न्यायचीय."

"कुठं?"

"पलीकडं. मिशनच्या इस्पितलात."

हे ती हळू बोलली होती, पण पलीकडं हा शब्द त्या घरात हळू बोलता येत नसे. भागूबाई ओट्याच्या मधोमध पाटावर बसली होती, ओटीचे तांदूळ निवडत. शकूच्या नवऱ्याची, काळूरामची थोरली बहीण, वय सत्तरच्या घरात, आणि अंगणात कुठं सुई पडली तरी तिला ऐकू येई.

"काय झालं गो?"

"आक्का, सुरुचीला बरं नाय. न्यायला पायजे. आताच."

"ओटी पाच वाजता हाय. तासाभराचा सवाल. भर ओटी, मंग न्या कुठं न्यायची ती."

"तासभर नाय थांबायचं."

"शकू." भागूबाईनं हातातले तांदूळ सुपात सोडले. "ओटी भरल्याबिगर या घरातली पोर खाडी ओलांडनार नाय. तुला मी सांगायला पायजे?"

काळूराम मांडवात पंगतीचं पाणी भरत होता, तो कळशी घेऊनच आला. त्यानं आधी बहिणीकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्याचा क्रम सत्तावीस वर्षं तोच होता. "अगो, पित्ताचं तर हाय. लिंबूपानी दे. पावनं बसल्यात."

"पित्त नाय ते."

"तू डाक्टर हाईस का?"

लतिकाबाईही आली. तिला मुलीची काळजी होती आणि साडी नेसवायची राहिली होती. या दोन्हींत काय आधी ते तिला ठरत नव्हतं. "विहीणबाई, एवढं घाबरवू नका तिला. माझे पण सातव्यात पाय सुजले होते. ओटी अर्धवट ठेवून उठणं म्हणजे... लोक काय म्हणतील?"

म्हणजे आता सगळे एका बाजूला. सकाळपासून एकमेकींच्या भाजीत मीठ शोधणाऱ्या दोन्ही घरांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही शकूविरुद्ध. जितेंद्र मध्ये उभा होता, टेम्पोकडं एक पाऊल टाकून थांबलेला.

"आत्या म्हणते तर ओटी भरून—" तो म्हणाला.

"जितू, बायको तुझी हाय की आत्याची?"

कासारणीनं पेटी बंद केली.

भागूबाई उठून उभी राहिली. "माझी लेक गेली या खाडीत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "होडी मधोमध गेली नि खाडीनं तिला धरलं. झटके आलं. दात बसलं. या शकूच्या मांडीवर गेली ती. मंग मी नेम केला. कुनाचं पोर गेलं का त्यानंतर? एक तरी?"

"खाडीनं नाय धरलं, आक्का."

शकूला वाटलं होतं, हे वाक्य आपण मरेपर्यंत बोलणार नाही. चांगुलपणानं नव्हे. एकाच चुलीवर दोघींना जन्म काढायचा होता, एवढंच.

"दुखन्यानं सकालीच धरलं होतं. डोकं दुखत होतं. काजवे दिसत होते. बरगडीखाली कळ. मना सांगितलं तिनं, आनि मी तुमाला येऊन सांगितलं. तुमी म्हनालात, पोरीला रूप आलंय, तू नजर नको लावू. भगत आला, अंगारा झाला. होडी निघाली ती दिवेलागनीला. खाडीत पोचेपर्यंत तिचं सगलं झालं होतं, आक्का. खाडीनं काय केलं?"

भागूबाईचा हात खांब शोधत होता आणि खांब हाताशीच होता तरी सापडत नव्हता.

"आज पन तेच हाय," शकू म्हणाली. "तसंच्या तसं. मना दुसऱ्यांदा मांडीवर घ्यायचं नाय."

पहिली हलली लतिकाबाई. हातातली जरीची साडी तिनं तिथंच खुर्चीवर टाकली आणि चंद्रावरून मुलीला उठवायला धावली. शांतारामपंतांनी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून दुसरा दंड धरला. काळूरामनं कळशी खाली ठेवली. त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही. गादी त्यानंच आणली.

---

टेम्पोत सुरुचीला डाव्या कुशीवर झोपवलं. फुलांचे दागिने काढायला वेळ नव्हता. रस्त्यात धक्का बसला की शेवंतीच्या पाकळ्या गादीवर गळत. पुढं सॅन्टन हॉर्नवरून हात काढत नव्हता. "आँटी, चंद्र राहिला तिकडेच," तो मध्येच म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं वेग वाढवला.

पूल आला. लतिकाबाई रडत होती. शकू खाली पाण्याकडं बघत नव्हती. ती सुरुचीचे दात बघत होती.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, आणि पुन्हा फुगवला. "एकशेऐंशी, एकशेवीस," त्या सिस्टरला म्हणाल्या. सिस्टर मार्गारेट, भुईगावची, पन्नाशीची, जाड भिंगांची. तिनं लघवीचा नमुना काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवला. वरचं पाणी पांढरं होत गेलं आणि उकडलेल्या अंड्यासारखं गोठलं. ते बघून मार्गारेटनं दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, पडदे ओढायला सांगितले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. "दिवा नको, आवाज नको. झटका येण्याच्या काठावर आहे पोरगी."

एका हातात सलाईन घालायचं तर मनगटाशी बांगड्या. दोन-आठच्याही आता हलेनात. "फोडाव्या लागतील," मार्गारेट म्हणाली. लतिकाबाईनं तोंडावर पदर घेतला. ओटीच्या दिवशी, हिरव्या. तिनं शकूकडं पाहिलं. शकूनं मार्गारेटच्या ट्रेमधली कात्री घेतली, मुठीकडून उलटी धरली आणि लतिकाबाईच्या हातात दिली.

"तुमीच वाढवा विहीनबाय. आईच्या हातानं वाईट होत नाय."

असा काही नियम नव्हता. शकूनं तो तिथल्या तिथं केला होता. पण लतिकाबाईनं एकेक बांगडी रुमालात धरून फोडली, आणि एक ओरखडाही उठला नाही.

एक इंजेक्शन शिरेतून हळूहळू गेलं, मग दोन्ही कुल्ल्यांत एकेक. रक्तदाबाची गोळी वेगळी. डॉक्टरबाई व्हरांड्यात आल्या तेव्हा जितेंद्र उभा राहिला आणि त्याच्याबरोबर उगाचच सगळे उभे राहिले.

"दोन महिने तपासणी का नाही?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "आमच्याकडं रीत आहे," काळूराम शेवटी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला रीत हा शब्द जड गेला.

डॉक्टरबाईंना रागावायला वेळ नव्हता. "हे इंजेक्शन झटका येऊ देत नाही. पण मूळ दुखणं त्यानं जात नाही. बाळ आणि वार बाहेर आल्यावरच ते उतरायला लागतं. चौतीस आठवडे भरलेत. दाब जरा खाली आला की ऑपरेशन. बाळ लहान असेल."

"मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर?" शांतारामपंतांनी विचारलं. "माझी ओळख आहे."

"या अवस्थेत गाडीत झटका आला तर ओळखीचा उपयोग नाही."

लतिकाबाई शकूकडं वळली. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"सही कर जितू," शकू म्हणाली.

आठ वाजायच्या आत मुलगी झाली. एक किलो सातशे. रडली बारीक, पण रडली, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जितेंद्र पेढ्यांचं बोलू लागला, काळूराम नावाचं. शकू बाकावरून उठली नाही. "अजून आई हाती यायचीय," ती म्हणाली. मार्गारेट जाता जाता थबकली आणि तिच्याकडं नवलानं पाहू लागली.

"बरोबर बोललीस. बाळ झाल्यावरही येतो झटका. चोवीस तास औषध चालू राहणार. सोबत एकीलाच बसता येईल. कोण?"

लतिकाबाईनं एक क्षणही न घालवता शकूकडं बोट केलं.

त्यानंतरचं शकूला सलग आठवत नव्हतं. अर्धा अंधार, सुरुचीचा घोगरा श्वास, आणि दर चार तासांनी नव्या इंजेक्शनआधी मार्गारेट गुडघ्याखाली हातोडी मारून बघायची. पाय उडाला की मान हलवायची. मिनिटाला श्वास किती, पिशवीत लघवी किती, ते सगळं बघूनच सुई. "औषध जास्त झालं तर आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास," ती म्हणाली. "म्हणून हे बघायचं. उतारा ट्रेमध्येच आहे."

दुपारी दाब एकशेपन्नासवर आला, तेव्हा शकूनं विचारलं, "सिस्टर, हे औषध नवीन निघालं का?"

"नवीन? मी ट्रेनिंगला होते, सत्तर साली, तेव्हापासून देते मी. स्वस्त आहे. वेळेत आणलं पाहिजे, बस. का गं?"

"काय नाय," शकू म्हणाली. सत्तर सालानंतर तीन वर्षांनी चांगू गेली होती.

---

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरुचीनं चहा मागितला, आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते आपणहून सांगितलं. एकशेतीस-नव्वद. लतिकाबाईनं शकूला अक्षरशः ढकलून घरी पाठवलं. "आंघोळ करा, झोपा. मी बघते. आणि येताना ते कोलंबीचं लोणचं आणा. तिला हवंय." मग जरा थांबून म्हणाली, "मलाही."

घरी अंगणात मांडव अजून तसाच होता. चंद्र सॅन्टन घेऊन गेला होता, पण चांदण्यांची एक दोरी खांबाला राहून गेली होती. काळूराम वाडीत गेला होता. भागूबाई ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, त्याच लुगड्यात. शेजारी झाकलेलं ताट होतं. शकूनं झाकण उचललं. कालचा भात, वरून वाळलेला. त्याच्या खाली परवाचा.

"पोरगी?"

"बरी हाय. चहा प्याली."

"नात?"

"पेटीत हाय. दूध घेते."

भागूबाईनं मान हलवली. ती वाडीतल्या केळींकडं बघू लागली. शकू पाय धुवायला निघाली, तेव्हा मागून आवाज आला.

"ती सुई गो. जितू सांगत होता. तिच्यानं झटका येत नाय म्हनं."

"हो."

"चांगूच्या वक्ताला होती ती?"

शकू वळली. भागूबाई तिच्याकडं बघत नव्हती. हातानं लुगड्याचा काठ चुण्या करून धरला होता, आणि तो सोडायला उत्तराची वाट होती. परवा अंगणात शकूनं जे तोंडावर फेकलं होतं, ते सगळं खरं होतं. एक शब्दही तिला परत घ्यायचा नव्हता.

"नव्हती, आक्का," ती म्हणाली. "आता आता निघाली."

"सकाली नेली असती तरी?"

"सकाली नेली असती तरी. तवा काय नव्हतंच आपल्याकडं."

भागूबाईनं आता वर पाहिलं. सत्तावीस वर्षं एका चुलीवर काढलेल्या बाईचा चेहरा वाचायला चष्मा लागत नाही. तिनं तो शेवटापर्यंत वाचला. शकूनं डोळे हलू दिले नाहीत.

"बरं," भागूबाई म्हणाली. काठाच्या चुण्या तिनं एकेक करून सोडल्या. मग ताट हातानं दूर सारलं.

"हा भात आंबला. दुसरा टाक. दोघींपुरता."